आवाज कोणत्या कॉलेजचा?

एप्रिलचा पहिला आठवडा, मंगळवारची सकाळ, पावणेसातची वेळ. द्वारका सर्कलच्या उड्डाणपुलावरून मुंबई-आग्रा महामार्गाची वाहनं धावत असतात. खाली पुणे रोडकडे वळणाऱ्या रिक्षा आणि सिटीलिंकच्या बस गर्दीतून वाट काढत असतात. याच सुमारास अमेरिकेत सोमवारची रात्र असते आणि तिथल्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना सुरू होत असतो. नाशिकच्या एखाद्या विद्यार्थ्याला या खेळाचं वेड लागलं असेल, तर त्या दिवशी कॉलेजची बस पकडतानाही त्याचे डोळे मोबाइलवर खिळलेले असणार.

तो ज्यांचा सामना बघतो तेही विद्यार्थीच असतात. आठवड्यात लेक्चर आणि परीक्षा सांभाळून मैदानात उतरणारी, विशी-बाविशीची मुलं. त्यांच्यासाठी घसा फोडून ओरडणारे प्रेक्षकही त्याच कॉलेजचे. वर्गात शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा संध्याकाळी हजारो लोकांसमोर बास्केट करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी येऊन बसतो. व्यावसायिक खेळात हे सुख मिळत नाही.

मुळात बास्केटबॉल जन्मालाच आला तो विद्यार्थ्यांसाठी. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. थंडीमुळे बाहेर खेळता येत नव्हतं आणि आत कोंडलेली मुलं कवायतीला कंटाळली होती. नेस्मिथ यांनी १३ नियम लिहून काढले, व्यायामशाळेच्या सज्ज्याला दोन बाजूंना पीच ठेवण्याच्या टोपल्या ठोकल्या आणि वर्गातल्या १८ मुलांचे ९-९ चे दोन संघ केले. सज्ज्याची उंची १० फूट होती, म्हणून आजही जगभर रिंग १० फुटांवरच असते.

आज अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. प्रत्येक संघ साधारण ३० सामने खेळतो. मार्चच्या मध्यावर त्यातून ६८ संघ निवडले जातात आणि बाद फेऱ्या सुरू होतात. हरला तो घरी. पुरुषांची ही स्पर्धा १९३९ पासून भरते आहे. कोण कुठे जिंकेल याचा पूर्ण तक्ता चाहते आधीच भरून ठेवतात. सुरुवातीचे चार सामने सोडले तर ६३ निकाल उरतात. ते नुसत्या नाणेफेकीने ओळखायचे म्हटले, तर शक्यतांचा आकडा ९२ वर सतरा शून्यं इतका मोठा होतो. तरीही दरवर्षी लाखो लोक पेन घेऊन बसतात.

चाहत्यांचा जोर पाहायचा तर ड्यूक विद्यापीठाकडे पाहावं. त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी म्हणजे चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ. दोघांमधलं अंतर सुमारे १६ किलोमीटर, म्हणजे नाशिकहून ओझरला जाण्याएवढंही नाही. या दोघांमधल्या सामन्यासाठी ड्यूकचे विद्यार्थी स्टेडियमबाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे राहतात. १९८६ पासूनची ही प्रथा. तेव्हाचे प्रशिक्षक माइक शिशेव्हस्की यांच्या नावावरून त्या तंबूवस्तीला गावासारखं नावही मिळालं आहे. तंबूत कोणी ना कोणी हजर असावं लागतं. अवेळी हजेरी घेतली जाते आणि ती चुकली तर रांगेतला नंबर जातो. मुलं वेळा वाटून घेतात आणि टॉर्चच्या उजेडात अभ्यास करतात.

आतलं कॅमेरॉन स्टेडियम १९४० चं. त्यात ९,३१४ माणसं मावतात आणि विद्यार्थी कोर्टच्या अगदी कडेला उभे असतात. पाहुण्या संघाच्या खेळाडूला फ्री थ्रो मिळाला की तो रेषेवर एकटा उभा राहतो. समोर कोणी अडवायला नाही, हातात चेंडू, पंधरा फुटांवर बोर्ड. एरवी सरावात डोळे झाकून जमणारी गोष्ट. पण आता रिंगच्या मागे शेकडो हात एका लयीत हलू लागतात. तो चेंडू दोनदा आपटतो, श्वास घेतो, पुन्हा आपटतो. चेंडू रिंगवर आदळून बाहेर पडला, तर त्या चुकीत आपला वाटा आहे असं प्रत्येक विद्यार्थ्याला वाटतं. विश्रांतीच्या वेळी कॉलेजचा बँड वाजतो. नाशिक ढोलाच्या गावाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

या वेडाला खतपाणी घालतात ते अनपेक्षित निकाल. पुरुषांच्या स्पर्धेत अव्वल मानांकित संघांनी आपापल्या गटातल्या तळाच्या, १६व्या मानांकनाच्या संघांना सलग १३५ वेळा हरवलं होतं. १६ मार्च २०१८ ला मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेने व्हर्जिनियाला ७४-५४ असं नमवलं आणि ही मालिका तुटली. बुद्धिबळासाठी ओळखलं जाणारं ते कॉलेज एका रात्रीत देशभर पोहोचलं. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाने विजेतेपद पटकावलं. आदल्या वर्षीची नाचक्की सोसलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्या विजयाची गोडी निराळीच असणार.

मुलींच्या सामन्यांनी तर अलीकडे जुनी गणितंच बदलून टाकली. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कचा खेळ पाहायला ऑक्टोबर २०२३ मध्ये फुटबॉलच्या स्टेडियममध्ये कोर्ट उभारावं लागलं. त्या दिवशी ५५,६४६ प्रेक्षक आले. २०२४ चा महिलांचा अंतिम सामना पावणेदोन कोटींहून अधिक लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्याला एवढे प्रेक्षक मिळाले नाहीत.

महाराष्ट्रातही या खेळाची मुळं खोल आहेत. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाउस हे समाजकेंद्र सुरू केलं. पुढे नागपाड्याच्या गल्ल्यांतून बास्केटबॉलपटूंच्या पिढ्या घडल्या. १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुन्तसिर याच वस्तीतले. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं.

कॉलेजच्या पातळीवर रचनाही पक्की आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे खेळासाठी पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग आहेत. कॉलेजांचे संघ आधी आपल्या विभागात भिडतात. तिथून विभागाचा संघ निवडला जातो, मग आंतरविभागीय सामने आणि त्यातून विद्यापीठाचा संघ. राज्यातली विद्यापीठं ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवात एकमेकांसमोर येतात. म्हणजे कॉलेज रोडवर किंवा नाशिकरोडला संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलीसमोर विद्यापीठाच्या जर्सीपर्यंतचा रस्ता स्पष्ट आखलेला आहे.

कमी पडतात ते प्रेक्षक, आणि त्याचं कारण या रचनेतच आहे. आपल्याकडे स्पर्धा होते, हंगाम होत नाही. सामने यजमान कॉलेजच्या मैदानावर दिवसभरात उरकले जातात. सकाळी पहिला सामना हरलेला संघ दुपारी घरी परततो आणि वर्ष संपतं. बाकीच्या विद्यार्थ्यांना निकाल कळतो तो जिमखान्याच्या फलकावरून. प्रेम जडायला भेटी वारंवार व्हाव्या लागतात. आज आपल्या मैदानावर, पुढच्या आठवड्यात त्यांच्या मैदानावर, मागच्या पराभवाची परतफेड, जखमी खेळाडूचं पुनरागमन, या सगळ्यातून चाहता तयार होतो. शहरातल्या सहा-आठ कॉलेजांनी शनिवार संध्याकाळ ठरवून घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर साखळी सामने खेळवले, तर नव्या स्टेडियमचीही गरज नाही. सिमेंटचं कोर्ट, दोन दिवे आणि कडेला बसायला पायऱ्या एवढं पुरेल.

मराठी विद्यार्थ्यांना कॉलेजचा अभिमान मिरवता येत नाही, असं तर कोणीच म्हणणार नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा भरवते. त्या दिवसांत भरत नाट्य मंदिराबाहेर उभं राहावं. ‘अरे आवाज कुणाचा?’ असा पुकारा होतो आणि उत्तरादाखल कॉलेजचं नाव छप्पर उडेल अशा जोशात घुमतं. ओरडणाऱ्यांतल्या अनेकांचं रंगमंचावर काहीच काम नसतं. कोणी नेपथ्याच्या फळ्या उचललेल्या असतात, कोणी नुसताच मित्राला बघायला आलेला असतो. वर्षानुवर्षं ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या जागी होणाऱ्या या स्पर्धेने नटांच्या बरोबरीने प्रेक्षकही घडवले आहेत.

नाशिक विभागाचे सामने पाहायला तिकीट लागत नाही. वेळापत्रक कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांकडे मिळतं. पाच खेळाडू कोर्टवर, बाकीचे बाकावर. शेवटची दोन मिनिटं उरलेली, एका गुणाचा फरक, आणि बाकावरची मुलं हाताने लाकूड बडवत ठेका धरतात. त्यांच्या मागच्या पायऱ्यांवर अजून भरपूर जागा असते.