खातं आपल्या नावाचं, व्यवहारही आपल्या हातचा

 

आजचा विषय बँकेचा. 28 ऑगस्ट 2014 ला जनधन योजना सुरू झाली आणि गावोगावी बायकांच्या नावाची खाती निघाली. 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे पैसेही थेट खात्यात येऊ लागले. मग बँक आपल्यापर्यंत पोचली असं म्हणायचं का? त्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारू. पासबुक कुणाच्या पेटीत आहे? बँकेचा मेसेज कुणाच्या मोबाईलवर येतो? आणि खात्यात आज किती पैसे आहेत, हे कुणाला न विचारता सांगता येतं का? तिन्हींचं उत्तर ‘मालक’ किंवा ‘पोरगा’ असेल, तर खातं नावापुरतंच आपलं आहे.

बँक बाईच्या सोयीची कशी होते, हे म्हसवडच्या बायकांनी दाखवलं. सातारा जिल्ह्यातला माण तालुका आपल्यासारखाच दुष्काळी. तिथं मोलमजुरी करणाऱ्या, छोटा धंदा करणाऱ्या बायकांना बँका दारात उभं करीत नव्हत्या, कारण त्यांची बचत फारच थोडी. तेव्हा चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही, हे कारण. बायका अक्षरं शिकायला बसल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी विचारा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेत जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून या बँकेची माणसं बाजारात, दारात जाऊन बचत गोळा करू लागली.

आपल्या गावात हेच काम बँक मित्र करतात. आफ्रिकेतल्या केनियातही 2007 पासून गावातल्या दुकानदाराकडे मोबाईलवरून पैसे भरता-काढता येतात. शाखा लांब असली तरी सोय जवळ आली. पण सोय आली की सावधपणाही हवा.

बँक मित्राकडे अंगठा लावताना एवढं पाळा. आधी रक्कम विचारा, मग अंगठा लावा. एका व्यवहाराला एकच अंगठा. “मशीन चाललं नाही, परत लावा” असं म्हटलं, तर आधी पहिल्या व्यवहाराची पावती मागा. पैसे हातात मोजून घेतल्याशिवाय उठू नका. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या. न काढलेले पैसे गेलेले दिसले, तर लगेच शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. चूक आपली किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा आपल्यावर येत नाही. म्हणूनच मोबाईल नंबर आपलाच हवा. तीस दिवसांत बँकेनं दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 हा नंबर लिहून ठेवा.

दुसरा घोळ असतो ‘पैसे आले म्हणतात, पण माझ्या खात्यात नाहीत’ हा. सरकारी योजनेचे पैसे बहुतेक वेळा आधारच्या आधारे येतात. आपली खाती दोन-तीन असली, तरी असे पैसे एकाच खात्यात पडतात: जे शेवटी आधारला जोडलं त्यात. खातं काढताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही जोडणी झाली, असं नाही. त्यासाठी बँकेत वेगळा संमतीचा अर्ज द्यावा लागतो. म्हणून पैसे दिसले नाहीत, तर ‘माझं आधार कोणत्या बँकेला जोडलंय’ हे शाखेत विचारा. जुन्या, विसरलेल्या खात्यात पैसे पडून असतील.

जनधनच्या खात्यात किमान रक्कम ठेवायची सक्ती नाही. मात्र दोन वर्षं काहीच व्यवहार झाला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. ते पुन्हा चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही. आधार-पॅनसारखी ओळखीची कागदपत्रं घेऊन जावं लागतं, एवढंच. आणि खात्याला वारस लावलाय का, तेही बघा.

आता कर्जाचं. एकटीला बँक पटकन कर्ज देत नाही, पण गटाला देते. नाबार्डनं 1992 मध्ये गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, ती याच विश्वासावर. आपल्या भागातही 1993 च्या भूकंपानंतर महिला मंडळं घरबांधणीच्या कामात उतरली आणि पुढे बचत गटांनी मूळ धरलं. नायजर देशातल्या बायकांनी 1991 पासून असेच गट चालवले. तिथं पैशाच्या पेटीला तीन कुलपं आणि तीन किल्ल्या तिघींकडे. आपली कुलपं म्हणजे पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, गटातच कर्ज देणं-घेणं, वेळेवर परतफेड आणि चोख वही. सहा महिने हे पाळलं की ‘उमेद’च्या गटाला बँकेकडे कर्ज मागता येतं. दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण लागत नाही आणि गटाच्या बचत खात्यावरची रक्कमही बँकेला अडकवून ठेवता येत नाही. कुणी शेतीचा उतारा मागितला, तर हा नियम दाखवायला सांगा, आणि एकटीनं नको, तिघी-चौघींनी मिळून जा.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं आपापलं पासबुक घेऊन या. शेवटची नोंद कधीची, मोबाईल नंबर कुणाचा, वारस कोण, आधार कुठं जोडलंय, या चार गोष्टी वहीत लिहा. वाचता येणारीनं न येणारीला समजावून सांगावं. म्हसवडच्या बायकांनीही सुरुवात अक्षरांपासूनच केली होती.