लेझरने जुळवलेली जोडी

दोन अणू जुळून रेणू झाला की ऊर्जा बाहेर पडते आणि आसपास सगळं तापतं. मग अतिथंड रेणू मिळवायचा कसा? अमेरिकेत बोल्डरच्या ‘जिला’ संस्थेत डेबोरा जिन आणि जुन ये यांच्या गटाने २००८ मध्ये ही अडचण सोडवली. पोटॅशियम आणि रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या वर, एका अंशाच्या दशलक्षांशाहूनही कमी तापमानाला आणले. चुंबकीय क्षेत्राने त्यांच्या सैलसर जोड्या जमवल्या. पुढचं काम दोन लेझरचं: एक जोडीला उत्तेजित पातळीशी जोडतो, दुसरा त्या पातळीला तळाच्या पातळीशी. जास्तीची ऊर्जा प्रकाशासोबतच निघून जाते, उष्णता होत नाही.

खरी गंमत क्रमात आहे. दुसरा लेझर आधी लावायचा! म्हणजे ज्या दोन पातळ्यांवर अजून कुणीच नाही, त्या आधी जोडायच्या आणि मग पहिला लेझर हळूहळू वाढवायचा. उलटं वाटतं खरं. पण त्यामुळे रेणू मधल्या पातळीवर रेंगाळत नाही. रेंगाळला, तर तिथून प्रकाश सोडून भलत्याच पातळीवर घसरतो आणि केलेली मेहनत पाण्यात.

एवढं करूनही रेणू गपगुमान बसले नाहीत. इतक्या थंडीतही त्यांच्यात रासायनिक अभिक्रिया होते, हे याच गटाने २०१० मध्ये दाखवलं.