अठरा कारखान्यांबाहेरचा एक कारखाना

मराठेशाहीच्या दरबारी व्यवस्थेत अठरा कारखान्यांची नोंद असे. जवाहिराला जवाहरखाना, शस्त्रांना शिलेखाना, हत्तींना पीलखाना, धान्याला अंबरखाना; प्रत्येक खात्याचा दरोगा वेगळा, कारकून वेगळा, आणि आल्यागेल्या जिनसेचा हिशेब दप्तरात चढत असे. परंतु ज्या अडकित्त्याने त्या दरबारातील मुत्सद्द्यांची सुपारी कातरली, ज्या दौतीतील शाईने सनदा लिहिल्या गेल्या आणि ज्या समईच्या उजेडात त्या वाचल्या गेल्या, त्या वस्तू जतन करण्याजोग्या आहेत असे कोणाच्याही मनात आले नाही. त्या वापरल्या गेल्या, झिजल्या, आणि झिजल्यावर मोडीच्या भावाने मुशीत गेल्या. या निराश्रित वस्तूंसाठी पुण्याच्या शुक्रवार पेठेत ज्या एका गृहस्थाने स्वतःच्या हिमतीवर आश्रयस्थान उभारले, त्या दिनकर गंगाधर केळकरांचे स्मरण करताना मला थोर संशोधकापेक्षा एक निष्ठावंत स्नेही अधिक आठवतो. कारण त्यांनी वस्तूंशी जे नाते जोडले ते स्नेहाचेच होते.

दिनकररावांचा जन्म 1896 मधला. घरचा व्यवसाय चष्म्यांचा, अंतरीचा ओढा कवितेकडे. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या कवितेत इतिहासाची ओढ पदोपदी जाणवते. 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवावयास आरंभ केला. पुढे त्यांचा राजा नावाचा मुलगा बालवयातच गेला, आणि ज्या संग्रहाला आज राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय म्हणतात त्याच्या नावात पित्याच्या आधी पुत्राचे नाव आले. पत्नी कमलाबाई या सगळ्या खटाटोपात त्यांच्या बरोबरीने होत्या. 1960 पर्यंत सुमारे 15,000 वस्तू गोळा झाल्या होत्या, आणि 1975 मध्ये हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. 1980 मध्ये पद्मश्री मिळाली. 1990 मध्ये ते निवर्तले.

या संग्रहात फिरताना ज्या दालनांपाशी माझी पावले नेहमी रेंगाळतात ती दिव्यांची आणि अडकित्त्यांची. अडकित्ता म्हणजे तरफेच्या तत्त्वाचा किती नेटका उपयोग! सुपारी बिजागरीजवळ, हाताचा दाब दूर टोकाला. म्हणून मुठीच्या अल्पशा जोराने कठीण फळ दुभंगते. एवढे साधले की कारागिराचे काम संपायला हरकत नव्हती. पण पितळेच्या त्या दोन दांड्यांना त्याने कुठे पोपटाचा, कुठे घोडेस्वाराचा, कुठे प्रेमी युगुलाचा आकार दिला, आणि तरीही पोलादी पात्याच्या चालीत तसूभर अडथळा येऊ दिला नाही. पाय घासण्याच्या वज्रीचेही तसेच. तिच्या खालच्या अंगावर खरखरीत जाळी आणि वरच्या अंगावर मोर किंवा हत्ती. काहींच्या पोटात बारीक खडे घातलेले, म्हणजे न्हाणीघरात टाच घासतानाही रुणझुण व्हावी. ज्या समाजाने टाच घासण्याच्या वस्तूलाही नाद दिला, त्याच्या गृहजीवनाबद्दल केवळ लढाया आणि तहनामे वाचून आपणास काय कळणार? कुलपे, कलमदाने, पानदाने, सोंगट्यांचे पट, कोरीव दरवाजे, वाद्ये, स्वयंपाकघरातील भांडी, यांतल्या प्रत्येकाने मला तवारिखेपेक्षा वेगळा आणि पुष्कळदा अधिक विश्वसनीय दाखला दिला आहे.

दिनकररावांनी हे वेळीच केले, हे विसरून चालणार नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे माजघरातील चीजवस्तूंसह वाहून गेले. जे पाण्यातून वाचले त्यातले पुष्कळसे पुढे वाड्यांच्या जागी इमारती उठताना विकले गेले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून संग्रहालयात पुन्हा रचले आहेत. त्या खांबांमधून चालताना मनात येते की ते आणण्याची तजवीज झाली नसती तर हे लाकूड केव्हाच सरपणात जमा झाले असते.

मोडकळीस आलेले वास्तुशिल्प उचलून दुसरीकडे उभे करण्याची ही कल्पना जगात एकाकी नाही. स्टॉकहोमला आर्थर हाझेलियस याने 1891 मध्ये स्कॅन्सन येथे शेतकऱ्यांची घरे आणि कोठारे अशीच आणून वसविली. परंतु मला अधिक शिकवून जाते ते हॉलंडचे उदाहरण. वाफेच्या, तेलाच्या आणि विजेच्या पंपांनी तेथील पवनचक्क्यांचे काम हिरावून घेतले तेव्हा, म्हणजे दिनकरराव पुण्यात पहिले दिवे आणि दौती जमवीत होते त्याच दशकात, 1923 साली, त्या चक्क्यांच्या रक्षणासाठी तेथे एक संस्था निघाली. तिच्या पाठीराख्यांना लवकरच उमगले की चक्की नुसती उभी ठेवून भागत नाही. वाऱ्याच्या दिशेने तिचे शीर्ष फिरवावे लागते, दात्यांना वंगण द्यावे लागते, आणि ती अधूनमधून फिरली नाही तर लाकूडच कुजू लागते. म्हणून तेथे चक्की चालविणारा माणूस तयार करण्याचे शिक्षण सुरू झाले, आणि 2017 मध्ये युनेस्कोने चक्कीवाल्याच्या त्या कसबालाच मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

हे वाचल्यापासून केळकर संग्रहालयातील मला एक उणीव अधिक जाणवू लागली आहे, आणि ती मी त्यांच्यावरील प्रेमापोटीच मांडतो. संग्रहात आज 20,000 हून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी सुमारे 2,500 लोकांसमोर मांडता येतात. जागेची अडचण समजण्यासारखी आहे. पण जी वस्तू काचेआड आहे तीही निश्चल आहे: अडकित्ता सुपारी कातरत नाही, समईत तेल नाही. शिवाय ही वस्तू कोणत्या हाताने घडविली, पितळ कसे ओतले, पाते कसे बसविले, हे सांगणारा कारागीर दालनात कुठेच भेटत नाही.

आणि तो कारागीर दूरही नाही. कसबा पेठेतील तांबट आळीत पेशव्यांच्या आश्रयाने आलेल्या तांबटांच्या घराण्यांचे ठोके अद्याप पुरते थांबलेले नाहीत. मठारकाम ही त्यांची खासियत: तांब्याच्या भांड्यावर हातोड्याचे एकसारखे ठोके देत जाणे, ज्यामुळे पृष्ठभागावर चकाकणारे खळगे उमटतात आणि पत्राही अधिक कणखर होतो. एके काळी तोफांचे आणि नाण्यांचे काम करणारे हे हात पुढे हंडे-बंब घडवू लागले, आणि स्टेनलेस पोलादाने घरोघरचे तांबे-पितळ हटविल्यावर त्यांतले बरेच दुसऱ्या धंद्याला लागले.

माझी विनंती एवढीच आहे की संग्रहालयाच्या चालकांनी आळीतील उरलेल्या वृद्ध तांबटांना कोठारातील वस्तू दाखवाव्यात, प्रत्येक वस्तूपुढे त्यांना बसवून ती कशी घडली असेल हे वदवून घ्यावे, आणि ते कथन त्या वस्तूच्या नोंदवहीत, तिच्या क्रमांकासमोर, कारागिराच्या नावासह उतरवावे. वर्षातून एकदा तरी चौकात भट्टी पेटवून मुलांदेखत एखादे भांडे मठारावे. या कामाला इमारतीचा खर्च नाही, सनदेची गरज नाही. लागणार आहेत ते लिहिणारे काही तरुण, आणि घाई, कारण मठारकामातली जुनी माणसे फार उरलेली नाहीत.