एका तासिकेत एकवीस गाणी

मित्रांनो, एक कोडं घालू? शाळेची एक तासिका ३५ मिनिटांची. तेवढ्या वेळात किती गाणी म्हणून होतील? भावगीतं घेतली तर सहा-सात. ख्याल ऐकायला बसलात तर एकही पुरता रंगायचा नाही. पण इंग्लंडमधल्या ‘वायर’ नावाच्या बँडनं १९७७ साली एक तबकडी काढली, ‘पिंक फ्लॅग’. तिच्यात गाणी किती? एकवीस! वेळ? साधारण ३५ मिनिटं. त्यातलं एक गाणं तर २८ सेकंदांत आटोपतं. शिंक यावी आणि जावी, तसं.

आता म्हणाल, बाई, हे काय भलतंच! तर सांगते. कुणाला क्रिकेटच्या एखाद्या वर्षाचं वेड असतं, तसं मला १९७७ या वर्षाचं आहे. त्या साली माझा जन्मही झालेला नव्हता. पण गॅरेज आणि पंक रॉक नावाच्या धांगडधिंग्यातल्या माझ्या सगळ्यात लाडक्या तबकड्या त्याच वर्षीच्या.

‘गॅरेज’ म्हटलं की आपल्याला स्कूटर खोलून ठेवलेली, ऑइलचे डाग पडलेली जागा आठवते. अमेरिकेत मात्र घराला लागून गाडी ठेवायची जी खोली असते, तिला गॅरेज म्हणतात. १९६०च्या दशकात तिथली शाळा-कॉलेजातली मुलं वडिलांची गाडी बाहेर काढून या खोलीत गिटार आणि ड्रम घेऊन सराव करायची. ते गॅरेज रॉक. पोर्टलंड गावच्या ‘किंग्जमेन’ या मुलांनी १९६३ साली ‘लुई लुई’ हे गाणं इतकं अस्पष्ट म्हटलं, की त्यात काही वावगं तर नाही ना, याचा तपास अमेरिकेच्या एफबीआयनं केला! शेवटी निष्कर्ष काय निघाला? शब्द कळत नाहीत. (आमच्या शाळेतल्या समूहगीताचा तपास झाला असता, तर दुसरं काही निघालं नसतं.) त्याच गॅरेजवाल्यांचे धाकटे भाऊ म्हणजे पंकवाले. ‘पंक’ म्हणजे टुकार पोर. लोकांनी नाव ठेवलं आणि पोरांनी ते मिरवलं.

मला हे वेड लागलं त्याची एक गोष्ट आहे. मी सातवीत होते. स्नेहसंमेलनात समूहगीत बसवत होते. मी मोठ्या हौसेनं पहिल्या रांगेत उभी राहिले. दोन कडवी झाल्यावर पेटी थांबली. मला सगळ्यांत मागे नेलं गेलं आणि सांगण्यात आलं, “तू नुसते ओठ हलव.” मी हलवले. संमेलनाला आई-बाबा आले होते. घरी जाताना आई म्हणाली, “छान म्हटलंस गं.” त्या रात्री मी जेवले नाही.

पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या मुलानं एक कॅसेट दिली. वर पेनानं फक्त ‘रमोन्स’ लिहिलेलं. लावली मात्र, कुणीतरी ओरडलं, वन-टू-थ्री-फोर! आणि जो गलका सुटला, तो दोन मिनिटांत थांबला. की पुन्हा वन-टू-थ्री-फोर! आजी म्हणाली, “टेप बिघडलाय वाटतं.” मी मात्र उठून उभी राहिले होते. गाणारा काही सुरांचा बादशहा नव्हता, हे मलासुद्धा कळत होतं. पण त्याला कुणी मागच्या रांगेत नेलं नव्हतं!

‘द रमोन्स’ हे न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातले चार तरुण. चौघांनी आडनाव एकच लावलं, रमोन. पण ते भाऊ नव्हते, नातेवाईकही नव्हते. त्यांचा पहिला अल्बम १९७६चा, तो जेमतेम ६,४०० डॉलरमध्ये तयार झाला. त्या काळी मोठे बँड एकेका तबकडीसाठी महिनोन् महिने स्टुडिओ अडवून बसत, हे ध्यानात घ्या. १९७७च्या नोव्हेंबरात आलेली ‘रॉकेट टू रशिया’ ही माझ्या मते त्यांची सर्वांत सरस तबकडी. १४ गाणी, सुमारे ३२ मिनिटं. चाली तर इतक्या गोड, की गलका बाजूला केलात तर समुद्रकिनाऱ्यावर म्हणायची गाणी वाटतील. त्यांचा गिटारवाला जॉनी हात सतत वरून खालीच मारायचा. सोपं वाटतं ना? एक पेन घ्या आणि बाकावर नुसतं वरून खाली, वरून खाली, भरभर मारत राहा. वर येताना आवाज करायचा नाही. दोन मिनिटांत मनगट भरून येतं की नाही, बघा. आणि तो ते तासभर करायचा.

“पण बाई, यांना येत काय होतं?” आमच्या वर्गातल्या एका मुलीनं हा प्रश्न मला विचारला होता. चांगला प्रश्न आहे. त्यासाठी घरी किंवा शाळेत पेटी असेल तर उघडा. सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा. हा झाला एक कॉर्ड. आता म, ध आणि वरचा सा. हा दुसरा. मग प, नि आणि वरचा रे. हा तिसरा. झालं! या तीन मुठींत सातही शुद्ध स्वर आले, मोजून पाहा. जगातली हजारो गाणी या तिघांवर उभी आहेत. १९७७च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ‘साइडबर्न्स’ नावाच्या एका घरगुती अंकात गिटारच्या अशाच तीन कॉर्डची वेडीवाकडी चित्रं छापली होती, आणि खाली वाचकांना सांगितलं होतं, की आता बँड काढा. पोरांनी खरंच काढले!

मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’चंच घ्या. त्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही मुळात अल्बम नव्हेच, चार गाण्यांची छोटी तबकडी. पण यादी माझी आहे, म्हणून घुसवते. कंपनीच्या दारात उभं राहण्यापेक्षा त्यांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले आणि १९७६च्या २८ डिसेंबरला चारही गाणी मुद्रित करून टाकली. जानेवारीत तबकडी बाजारात. पहिल्या हजार प्रती संपल्या, मग आणखी काढाव्या लागल्या. मला सर्वांत आवडतं ते तिचं वेष्टण. कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं, हे मागे चक्क छापलं आहे. चारांपैकी तीन पहिल्याच प्रयत्नात! गणिताच्या वहीत कच्चं कामसुद्धा दाखवावं, तसं हे. त्यातल्या एका गाण्यात मध्येच एकट्या गिटारची जागा येते. इतर बँडचे वादक अशा जागी बोटांची कसरत दाखवतात. इथे फक्त दोन स्वर. तेच दोन, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खो खो हसले होते. आता ती जागा आली नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

‘द डॅम्ड’ची तबकडी फेब्रुवारीत आली. ब्रिटिश पंकचा हा पहिला मोठा अल्बम. मुखपृष्ठावर चौघांच्या तोंडाला क्रीमचा केक फासलेला! गाणी भन्नाट वेगाची, पण खरं सांगू, एका दमात सगळी ऐकली की माझं डोकं दुखतं.

आणि माझी अगदी पहिल्या नंबरची? ‘द क्लॅश’ या बँडची, त्यांच्याच नावाची, एप्रिल १९७७ची तबकडी. तीन आठवड्यांच्या शेवटी-शेवटी स्टुडिओत जाऊन त्यांनी ती पुरी केली. त्यांच्यातला पॉल सिमनन हा मूळचा चित्रकार. त्याला बास गिटार येतच नव्हती, म्हणून त्यानं कुठला स्वर कुठे आहे ते गिटारच्या दांड्यावरच रंगवून घेतलं. आपण नाही का पहिलीत पेटीच्या पट्ट्यांवर खडूनं सा-रे-ग लिहीत! गाणारा जो स्ट्रमर. त्याच्या वडिलांचा जन्म आपल्या लखनौचा, बरं का. तो गातो ते आपल्या आजूबाजूचं: नोकऱ्या नाहीत, रस्त्यावर पोलीस, कंटाळवाण्या दुपारी. ब्रिटनमध्ये तेव्हा तरुणांना काम मिळत नव्हतं आणि रेडिओवर त्याचा मागमूस नव्हता. म्हणून ती गाणी पोटातून येतात. आणि मध्येच हे लोक जमैकाचं एक रेगे गाणं सहा मिनिटं संथपणे म्हणतात. दोन-दोन मिनिटांच्या धावपळीत एकदम सावली मिळाल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या कंपनीला ही तबकडी कच्ची वाटली, म्हणून तिथे ती १९७९पर्यंत काढलीच नाही. लोकांनी तोवर बाहेरून लाखभर प्रती मागवल्या!

मुलींसाठी खास एक नाव. ‘एक्स-रे स्पेक्स’ बँडची गायिका पॉली स्टायरिन. तिचे वडील सोमालियाचे. दातांना तारा लावलेल्या असताना ती तशीच रंगमंचावर हसत-ओरडत उभी राहायची. तुमच्यापैकी ज्या फोटो काढताना तोंड मिटून घेतात, त्यांनी तिचे फोटो जरूर पाहावेत. तिचा अल्बम १९७८चा, म्हणून यादीत येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

पालकहो, आता तुमच्याशी दोन शब्द. या गाण्यांत शिव्या आहेत, आरडाओरडा आहे. म्हणून आधी तुम्ही ऐका, मग मुलांबरोबर बसून ऐका. त्या वर्षीची सर्वांत गाजलेली तबकडी ‘सेक्स पिस्टल्स’ची, पण तिचं नाव मी इथे छापायला देत नाही. नॉटिंगहॅमच्या एका दुकानदारानं ती खिडकीत मांडली, तर त्याच्यावर खटला झाला. तेव्हा इंग्रजीच्या एका प्राध्यापकांनी साक्षीत तो शब्द भाषेत किती जुना आहे हे समजावून सांगितलं आणि दुकानदार सुटला! गंमत पुरे. त्याच बँडमधला एक मुलगा १९७९ साली अमली पदार्थांमुळे गेला. वय २१. हेही मुलांना सांगायला हवं, म्हणून सांगितलं.

गेल्या संमेलनाच्या सरावात माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा असाच खच्चून, भलत्याच पट्टीत गात होता. पेटीवरचे सर माझ्याकडे बघू लागले. मी त्याच्याजवळ गेले आणि तोंड उघडलं. कुठलं वाक्य बाहेर पडणार होतं, ते मला नीट ठाऊक होतं. वीस वर्षांहून जास्त काळ ते माझ्याजवळ आहे. माझं तोंड तसंच उघडं राहिलं. तो पोरगा बघतच होता. मग म्हणाले, “गाणं सुरू करून कोण देईल? मोठ्यानं आकडे मोजायला कुणीतरी हवं.”

संमेलनाच्या दिवशी तो पहिल्या रांगेत, अगदी कडेला उभा होता. पडदा उघडला आणि त्यानं जी आरोळी ठोकली, “एक, दोन, तीन, चार!” ती ठरलेल्या लयीच्या दुप्पट होती. सर पेटीवर कसेबसे त्याच्या मागे धावले. तीन मिनिटांचं गाणं आम्ही दोन मिनिटांच्या आत संपवलं. त्यानं गाण्यातही आवाज लावला होता, आणि तो मागपर्यंत ऐकू येत होता.