भ्रमणध्वनीवरील ॲप : एकट्या निर्मात्याचे अर्थकारण

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हा संत्र्याच्या बागांचा तालुका. नागपूर-अमरावती महामार्गावरील या गावातून अभियांत्रिकीचे किंवा संगणकाचे शिक्षण घेतलेले तरुण नागपूर, पुणे, हैदराबाद या दिशांनी बाहेर पडतात, आणि त्यांतील बरेचसे परत येत नाहीत. अलीकडे मात्र या तरुणांच्या तोंडी एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. भ्रमणध्वनीवर चालणारे एखादे ॲप घरी बसून तयार करावे आणि त्यावर उपजीविका करावी, हे शक्य आहे काय? सरपंच, शिक्षक आणि तालुक्याचे अधिकारी यांच्याकडे पालक हाच प्रश्न घेऊन येतात. संगणकासाठी चाळीस-पन्नास हजार रुपये घालायचे की नाही, हे त्यांना ठरवायचे असते.

शक्य आहे, असे या प्रश्नाचे उत्तर आहे. परंतु ते ज्या मार्गाने शक्य आहे असे सामान्यतः समजले जाते, तो मार्ग बहुतेकांच्या उपयोगाचा नाही.

दुकान आणि त्याचे भाडे

ॲप विकण्याची जागतिक बाजारपेठ 2008 साली उभी राहिली. ॲपल कंपनीने त्या वर्षीच्या जुलैमध्ये आपले ॲप स्टोअर 500 ॲपसह उघडले. ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडची बाजारपेठ सुरू झाली. 2012 पासून ती 'गूगल प्ले' या नावाने ओळखली जाते. आपल्याकडील बहुसंख्य भ्रमणध्वनी अँड्रॉइडचे असल्याने कारंज्यासारख्या गावातील निर्मात्याने प्रथम याच दुकानात जाणे शहाणपणाचे ठरते. येथे नोंदणीसाठी 25 डॉलर, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार रुपये, एकदाच भरावे लागतात. ॲपलकडे 99 डॉलर दरवर्षी द्यावे लागतात. ॲप तयार करण्याची 'अँड्रॉइड स्टुडिओ', 'फ्लटर' यांसारखी साधने विनामूल्य मिळतात. थोडक्यात, बरा संगणक, वीज आणि इंटरनेट एवढेच काय ते भांडवल.

दुकानदार मात्र विक्रीतील वाटा घेतो. आरंभी तो सरसकट 30 टक्के होता. छोट्या निर्मात्यांची तक्रार वाढल्यावर दोन्ही कंपन्यांनी 2021 साली वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या विक्रीवर तो 15 टक्क्यांवर आणला. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगल प्लेच्या देयक-पद्धतीबद्दल 936.44 कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात मार्च 2025 मध्ये ती रक्कम 216.69 कोटींवर आली. हा वाद अनेक देशांत चालू असल्याने हे दर आणि नियम पुन्हा पुन्हा बदलतात. निर्मात्याने हिशेब मांडण्यापूर्वी त्या त्या दिवसाचा दर पाहणे इष्ट होय.

जाहिरातीचा मार्ग

ॲप विनामूल्य द्यावे आणि त्यात दिसणाऱ्या जाहिरातींवर मिळवावे, ही सर्वांत परिचित रीत. महाराष्ट्रात तिचे ठळक उदाहरण म्हणजे सचिन टेके यांनी 2010 साली मुंबईकरांच्या हाती दिलेले 'एम-इंडिकेटर'. लोकलचे वेळापत्रक खिशात असावे, ही गरज साधी. पण ती लाखो माणसांना रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी पडते. इंटरनेट नसतानाही वेळापत्रक उघडते, ही त्यातील मोठी सोय. पुढे त्यात बसमार्ग, रिक्षा-टॅक्सीचे भाडे, मेगाब्लॉकची सूचना अशी भर पडत गेली. एका माणसाने सुरू केलेले काम जाहिरातीवर उभे राहिले, याचे कारण ते उघडणाऱ्यांची प्रचंड संख्या आणि उघडण्याची नित्यता यांत आहे.

आता हेच गणित एका तालुक्याला लावून पाहावे. समजा, कारंज्याच्या बातम्या आणि बाजारभाव देणारे ॲप 500 माणसे रोज उघडतात आणि प्रत्येकास दिवसाकाठी चार जाहिराती दिसतात. म्हणजे दोन हजार वेळा जाहिरात दिसली. हजार वेळेमागे 20 रुपये मिळतात असे गृहीत धरले, तर दिवसाचे 40 आणि महिन्याचे 1,200 रुपये होतात. गूगलची 'ॲडमॉब' ही जाहिरात-सेवा खात्यावर 100 डॉलर साचल्याशिवाय रक्कम पाठवीत नाही. तेवढे साचण्यास या निर्मात्यास सात-आठ महिने थांबावे लागेल. 10 डॉलर होताच पत्ता पडताळण्यासाठी कंपनीकडून पोस्टाने गुप्त क्रमांकाचे पत्र येते, आणि तो क्रमांक भरल्याशिवाय पुढचे काही होत नाही. इतक्या आधुनिक व्यवहाराची किल्ली अखेर पोस्टमनच्या पिशवीत असते, ही गंमतच म्हणावयाची. घरक्रमांक आणि पिनकोड नीट नसलेल्या पत्त्यावर ते पत्र हरवते, एवढे ध्यानात ठेवावे.

तेव्हा जाहिरातीवर जगावयाचे असेल, तर ग्राहक तालुक्याचा नव्हे, अख्ख्या मराठी मुलखाचा धरावा लागतो. मग नावही जपून निवडावे लागते. नुसते 'कारंजा' असे नाव दिले, तर वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील माणूस ते उतरवून घेईल आणि निराश होऊन काढून टाकील.

थोडे ग्राहक, पण पैसे देणारे

दुसरा मार्ग कमी बोलला जातो, आणि ग्रामीण निर्मात्यास तोच अधिक मानवणारा आहे. माणसे थोडी असावीत, पण त्यांचे काम अडलेले असावे. संत्र्याचेच पाहा. आंबिया बहराचा माल साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहराचा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो. झाडावरचा माल व्यापाऱ्यास एकठोक विकला जातो. मग इसार, तोडणीची मजुरी, कॅरेटची मोजणी, प्रतवारीत बाजूला पडलेला माल, गाडीभाडे, बाकी रक्कम असा हिशेब सुरू होतो. तो वहीच्या कोपऱ्यांत आणि अनेकदा नुसत्या स्मरणात राहतो, आणि हंगामाच्या शेवटी त्यावरूनच वाद होतात. हा हिशेब मराठीत, दोन-चार बोटांच्या स्पर्शांत, बागेत इंटरनेट नसतानाही नोंदवून देणारे ॲप असेल, तर व्यापारी आणि बागायतदार त्यासाठी वर्गणी देतील, अशी अपेक्षा धरण्यास जागा आहे.

अशा 60 ग्राहकांनी महिना 100 रुपये दिले, तर 6,000 रुपये येतात. दुकानाचा 15 टक्के वाटा 900 रुपये वजा जाता 5,100 उरतात. जाहिरातीच्या ॲपला रोजचे 500 लोक लागले आणि 1,200 मिळाले. येथे 60 पुरले. शिवाय हीच पद्धत आर्वी, आष्टी, वरुड, मोर्शी, काटोल या संत्रापट्ट्यात जशीच्या तशी नेता येते. अगदी लहान रक्कम घेण्यासही आता अडचण राहिलेली नाही. गूगलने 2015 साली भारतातील ॲपची किमान किंमत 50 रुपयांवरून 10 रुपयांवर आणली होती; त्यानंतर यूपीआयने देणे-घेणे सोपे केले.

तिसरा मार्ग कंत्राटाचा. शिकवणी वर्ग, दूध संकलन केंद्र, पतसंस्था किंवा रुग्णालय यांना हवे ते ॲप ठरावीक मोबदल्यात करून द्यावयाचे आणि वार्षिक देखभालीची रक्कम लेखी ठरवून घ्यावयाची. आरंभीची दोन वर्षे बहुतेक स्वतंत्र निर्मात्यांना याच कामाने तारून नेता येते. मात्र शासनाने जे आधीच दिले आहे, त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चासाठी 2020 पासून ई-ग्रामस्वराज आहे, पिकांच्या नोंदीसाठी 2021 पासून राज्याची ई-पीक पाहणी आहे. शासकीय नावाशी किंवा बोधचिन्हाशी साम्य असलेले खासगी ॲप काढणे तर सरळसरळ अनुचित होय.

शिक्षक आणि कर्मचारी

राजस्थानातील अलवरचे गणिताचे शिक्षक इम्रान खान यांनी विद्यार्थ्यांसाठी पन्नासहून अधिक ॲप स्वतः शिकून तयार केली आणि ती विनामूल्य दिली. नोव्हेंबर 2015 मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावरील भाषणात पंतप्रधानांनी त्यांचा उल्लेख केला. आपल्याकडील अनेक शिक्षकांनाही हे कौशल्य अवगत आहे. परंतु त्यातून उत्पन्न घ्यावयाचे झाल्यास, शासकीय कर्मचाऱ्यास महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू होतात आणि खासगी व्यवसायास पूर्वपरवानगी लागते. जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठी त्यांचे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. ॲपमध्ये जाहिरात सुरू करण्यापूर्वी ही परवानगी पाहावी, नंतर नव्हे.

मुलांसाठीच्या ॲपबाबत आणखी एक दक्षता. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, 2023 प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती मूल समजली जाते. तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आणि तिला लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई, असा त्याचा रोख आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे.

धोक्याच्या जागा

नव्या निर्मात्यास हमखास येणारे आमिष म्हणजे खाते भाड्याने मागणारा अनोळखी माणूस. 'तुमच्या नावावर आमचे ॲप चढवा, दरमहा रक्कम घ्या,' असे तो सांगतो. ते ॲप फसवणुकीचे निघाल्यास खाते कायमचे बंद होते, त्या खात्याशी जोडलेली इतर खातीही जातात, आणि पोलिसांच्या चौकशीस नोंदणीकृत माणसालाच तोंड द्यावे लागते. स्वतःच्या ॲपमधील जाहिरातींवर स्वतः किंवा मित्रांकरवी बोट टेकविणे हाही खाते गमावण्याचा खात्रीचा उपाय. पैसे लावून खेळावयाच्या खेळांचा तर विचारच नको. 2025 च्या केंद्रीय कायद्याने त्यांस मनाई केली आहे.

पारितोषिकास उत्पन्न समजणे ही आणखी एक चूक. 2020 सालच्या आत्मनिर्भर भारत ॲप स्पर्धेत गौरविले गेलेले 'कू' हे मोठ्या भांडवलाचे ॲपही जुलै 2024 मध्ये बंद पडले.

नोंदणीचे टप्पे

नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यास आपले ॲप जाहीर करण्यापूर्वी ठरावीक माणसांकडून सलग 14 दिवस तपासून घ्यावे लागते. ही संख्या आरंभी 20 होती, डिसेंबर 2024 मध्ये 12 झाली. शहरात ही बारा माणसे जमविणे अवघड जाते. गावात ती सहज मिळतात, आणि ज्यांच्यासाठी ॲप केले त्यांतूनच ती घेतली, तर चुका लवकर कळतात. पैसे मिळविणाऱ्या वैयक्तिक खात्याचा पूर्ण पत्ता दुकानात सर्वांना दिसतो, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवावे. पॅन व बँक खाते एकाच नावाचे असावे. परदेशातून आलेल्या रकमेचे प्रयोजन बँक विचारते. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेल्यास जीएसटीची नोंदणी करावी लागते.

यानंतरचे काम म्हणजे देखभाल. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी ॲप जुळवून घेण्याची मुदत दरवर्षी येते. ती चुकली, तर नव्या भ्रमणध्वनीवर ते ॲप दुकानात सापडेनासे होते. वर्गणी ठरविताना या वार्षिक श्रमाची किंमत तीत धरावी आणि ग्राहकास ती आरंभीच सांगावी.