तापीच्या गाळाखाली गाडलेली दरी

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेला सोनगीर लागतं. किल्ल्याच्या पायथ्याशी तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या तांबटांचं हे गाव. इथली जमीन खडकाळ. थोडा मुरूम उकरला की काळा पाषाण. नरडाणा मागे टाकून सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडली की शिरपूर येतं आणि शिवाराचं रूपच पालटतं. गाळ इतका खोल, की बोअरच्या दांड्यांवर दांड्या उतरवल्या तरी पाषाण हाती लागत नाही. पुढे सातपुडा एकदम उभा.

या सपाटीखाली बेसाल्टची एक दरी गाडलेली आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या प्रस्तरभंगालगत जमीन खचली आणि तापी, अनेर, अरुणावती यांनी ती गाळाने भरून काढली. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ आरे नदीच्या खोऱ्यातल्या दऱ्या हिमनद्यांनी कोरल्या, मग त्याही गाळाने बुजल्या. संशोधकांनी त्यांचा आकार गुरुत्वमापनाने शोधला. घडण वेगळी असली तरी हिशोब तोच.

बेसाल्टची घनता पाण्याच्या साधारण 2.8 पट, ओल्या गाळाची दुपटीच्या आसपास. म्हणजे गाळाच्या जागी पृथ्वीची ओढ किंचित कमी. 300 मीटर जाडीच्या विस्तीर्ण थरामुळे ती सुमारे 10 मिलिगॅलने (मिलिगॅल हे गुरुत्व मोजण्याचं एकक) घटते. 60 किलोच्या माणसाचं वजन जेमतेम 0.6 ग्रॅमने कमी भरावं, एवढाच हा फरक. गुरुत्वमापीतली नाजूक स्प्रिंग तो टिपते, पण तिचे लाड फार. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणायचा, ट्रकची धडधड थांबेपर्यंत वाट पाहायची, दर काही तासांनी तळठाण्यावर, म्हणजे मोजणी सुरू केली त्या जागी, परतून स्प्रिंग किती सरकली ते पाहायचं. चंद्र-सूर्याची ओढही वजा करावी लागते. जागेची उंची 10 सेंटिमीटरने चुकली, तर वाचन सुमारे 0.03 मिलिगॅलने बिघडतं.

तापीकाठी आणखी एक अडचण आहे. इथल्या कवचात खोलवर जड खडकांचं मोठं वस्तुमान शिरलेलं आहे. नर्मदा-तापी पट्ट्यातल्या गुरुत्वाचा असा अर्थ ए. पी. सिंह आणि रॉल्फ माइस्नर यांनी 1995 मध्ये मांडला. त्यामुळे खालून ओढ वाढते आणि वरचा गाळ ती घटवतो. खोलवरच्या वस्तुमानाचा परिणाम पसरट, गाळाचा मात्र आखूड आणि धारदार. दोन्ही वेगळे काढल्याशिवाय दरीचा तळ कळत नाही. माझ्या मते इथे खरी कसोटी यंत्राची नसून या वजाबाकीची आहे.

गुरुत्वाला वाळू आणि चिकणमाती यांतला फरकही नीट सांगता येत नाही. त्यासाठी विद्युतरोधाची मोजणी आणि जुन्या बोअरच्या नोंदी सोबत हव्यात. हा सगळा खटाटोप पाण्यासाठी. भूजल सर्वेक्षणातून निवृत्त झालेल्या सुरेश खानापूरकरांनी शिरपुरात नाले रुंद-खोल केले, बंधारे बांधले, पाणी मुरवलं. ते मुरलेलं पाणी कुठवर जातं, हे गाडलेल्या पाषाणाच्या उतारावरही ठरतं. तिकडे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आहे, आणि भांड्याचा तळ ठाऊक नसताना शिल्लक मोजणं चालू आहे.

सोनगीरच्या उघड्या पाषाणावर तळठाणं धरून सेंधव्याच्या घाटापर्यंत दर अर्ध्या किलोमीटरला वाचन घ्यावं. सातपुड्याच्या पायथ्याशी आलेख जिथे झपकन चढेल, तिथेच प्रस्तरभंगाची पायरी असण्याची शक्यता सर्वाधिक. पहिला खोल तपासणी बोअर त्या पायरीच्या दक्षिणेला, गाळाच्या बाजूला घ्यायला हवा.