मतचाचणीला न दिसलेले मतदार

अमेरिकेत निवडणुकीसाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे बहुतेक वेळा मतदारच ठरवतात. या मतदानाला प्रायमरी म्हणतात. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी २४ जून २०२५ रोजी झाली. बहुतेक मतचाचण्यांत माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो पुढे होते. जिंकले मात्र ३३ वर्षांचे झोहरान ममदानी.

अंदाज का चुकला? मतचाचणीत दोन प्रश्न असतात. लोकांना कोण हवा, हे विचारता येते. मतदानाला कोण येईल, हे मात्र बरेचसे जुन्या मतदानावरून ठरवले जाते. या वेळी पूर्वी न येणारे अनेक तरुण आले.

शिवाय तिथे पाच उमेदवारांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. कोणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील, तर सर्वांत मागचे उमेदवार बाद होतात आणि त्यांची मते पुढच्या पसंतीला जातात. ममदानींना पहिल्या पसंतीची सुमारे ४४ टक्के मते होती, ती शेवटी ५६ टक्के झाली. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही पसंतीक्रम असतो.

म्हणून मतचाचणी वाचताना आधी विचारावे, यात कोणाला मतदार धरले आहे? आम्ही पंधरा वर्षांचे कॅडेट तीन वर्षांनी मतदार होऊ. मतदान केले नाही, तर आम्हालाही कोणी मोजणार नाही.